बोरघाटाच्या पायथ्याशी आलेली सीमा

देशाची सीमा कोठे असते, असे एखाद्या सुशिक्षित मुंबईकराला विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता नकाशाकडे बोट दाखवील. पंजाबातले वाघा, बंगालमधले पेट्रापोल, कच्छचे रण, आणि आपल्या बाजूला अरबी समुद्राची निळी रेघ! तेथे जवान डोळ्यांत तेल घालून उभे आहेत, समुद्रावर गस्तीच्या नौका फिरत आहेत, आणि म्हणून आपण घरी स्वस्थ झोपतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. जवानांविषयीचा हा विश्वास अगदी रास्त आहे. परंतु सीमेविषयीची ही समजूत मात्र आता जुनी झाली. देशाची सीमा नकाशावरच्या रेघेवरून सरकत सरकत सह्याद्रीच्या कुशीत, बोरघाटाच्या पायथ्याशी येऊन पोहोचली आहे. समुद्राचे दर्शनही न होणाऱ्या खालापूर आणि कर्जत ह्या दोन तालुक्यांत आज तिची राखण करण्याची वेळ आली आहे, आणि ती राखण करावयास तेथे कोणीही नाही, हे आम्हांला आज स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

२०२३ च्या डिसेंबर महिन्यात रायगड पोलिसांनी खोपोलीजवळच्या ढेकू गावाच्या हद्दीत एका कारखान्यावर छापा घातला. कारखाना म्हटल्यावर जे असावे ते सगळे तेथे होते. चार भिंती होत्या, यंत्रे होती, वीज होती, पाणी होते. आत तयार होत होते ते मेफेड्रोन, म्हणजे ज्याला बाजारात ‘एमडी’ म्हणतात ते विष! पहिल्या छाप्यात सुमारे ८५ किलो माल हाती लागला. त्याची किंमत पोलिसांनी १०६ कोटी रुपयांच्या घरात सांगितली. तपास पुढे सरकला तेव्हा एका गोदामातून आणखी सुमारे १७४ किलो माल निघाला आणि एकंदर किंमत सव्वातीनशे कोटींवर गेली. कायद्याच्या दृष्टीने ह्या मालाचे वजन किती भरते ते पाहा. मेफेड्रोनचा साठा ५० ग्रॅमवर गेला की तो ‘व्यापारी प्रमाणा’त जमा होतो आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सक्तमजुरी सांगितलेली आहे. खोपोलीत सापडलेला साठा त्या मर्यादेच्या ५,००० पटींहून अधिक होता! खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आरोपींच्या अपराधाविषयी आम्ही आज काही बोलत नाही. परंतु माल सापडला ही गोष्ट तर खरी! आणि तो एका रात्रीत आकाशातून पडलेला नव्हता.

ही एकच घटना असती तर दुर्दैवी अपवाद म्हणून ती विसरून जाता आली असती. पण २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई पोलिसांचे पथक एका छोट्या पुडीचा माग काढीत काढीत शेजारच्या कर्जत तालुक्यात गेले, आणि तेथे शेळीपालनाच्या नावाखाली चालणाऱ्या एका फार्महाऊसमध्ये त्यांना हाच उद्योग आढळला. तत्पूर्वी २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच कारखाना सापडला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तर शेकडो किलो माल निघाला, आणि त्यातला काही माल लंडनपर्यंत गेल्याचे पुणे पोलिसांनी सांगितले. शिंदे, कुरकुंभ, खोपोली, कर्जत ही नावे एका ओळीत मांडली म्हणजे त्यांतून जो अर्थ निघतो तो फार भयंकर आहे.

तस्करी म्हटले की आमच्या मागच्या पिढीच्या डोळ्यांसमोर सोन्याची बिस्किटे आणि परदेशी घड्याळे येत. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला आणि आखातातून गलबते भरभरून चोरटे सोने कोकणच्या किनाऱ्याला लागू लागले. त्या काळी चोरटा माल बाहेरून आत येई. त्यामुळे किनाऱ्यावर जकात अधिकारी उभा केला, समुद्रात गस्तीची नौका सोडली, की निदान कागदावर तरी बंदोबस्त होई. आज हा प्रवाह उलटा वाहू लागला आहे. विष बाहेरून येण्याची गरजच उरलेली नाही. ते आपल्याच मातीत, आपल्याच विजेवर, आपल्याच नदीच्या पाण्यावर तयार होते, आणि येथून मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांच्या दारापर्यंत व तेथून सातासमुद्रांपलीकडे जाते. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या पाठीमागे हा सारा व्यवहार चालला आहे. त्याला तो दिसणार तरी कसा?

ह्या कामासाठी खालापूर-कर्जतचीच निवड का व्हावी, ह्याचे उत्तर भूगोलात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना हमरस्ता दोन्ही खालापूर तालुक्यातून जातात. कर्जत हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. न्हावाशेवाचे बंदर दीड-दोन तासांवर. टाटांचे वीजघर १९१५ साली खोपोलीला उभे राहिले तेव्हापासून ह्या खोऱ्यात उद्योग आले, वाढले. आणि त्यांतले कितीतरी पुढे बंदही पडले. बंद कारखान्यांच्या ओस शेड मात्र तशाच उभ्या राहिल्या. मालक मुंबईत, चावी दलालाकडे आणि भाडे रोख! त्यातच पलीकडे कर्जतच्या माळावर शहरातील श्रीमंतांची आणि मध्यमवर्गीयांची फार्महाऊसे उभी राहिली. ती आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असतात. रसायनांचा वास आला तर तो कारखानदारीच्या मुलखात कोणाला खटकत नाही, आणि रात्री टेम्पो आला तर तो पाहुण्यांचा असेल म्हणून कोणी विचारीत नाही. चोराला ह्याहून अधिक सोयीची जागा कोणती हवी?

आता कोणी म्हणेल, ही पोलिसांची बाब आहे. हिला राष्ट्राच्या सीमेचे आणि सुरक्षिततेचे मोठे नाव कशाला देता? त्याला आमचे उत्तर रायगडच्याच इतिहासात आहे. १९९३ च्या ९ जानेवारीला श्रीवर्धन तालुक्यातील दिघीच्या जेटीवर शस्त्रांचा साठा उतरला. तो घेऊन जाणारी वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती! म्हणजे पहारा होता, आणि पहारेकरी जागाही होता. परंतु लाचेची बोली ठरली, पैसे मिळेपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेण्यात आल्या, आणि वाहने पुढे गेली. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले तेही अशाच मोकळ्या वाटेने मुंबईस पोहोचले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत १२ स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणांस मुकली. पुढे त्या खटल्यात काही जकात अधिकारी आणि पोलीस दोषी ठरले; २०१३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. ज्यांनी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या, त्यांना आपण मुंबईतल्या २५७ जिवांचा सौदा करीत आहो असे त्या रात्री वाटले नसेल. नेहमीसारखे चांदीचे किंवा घड्याळांचे काम असेल, अशीच त्यांची समजूत असणार. तस्करीला सरावलेला हात देशद्रोहापर्यंत कसा जातो, हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगावे? पुडी जाऊ देणारी वाट बंदूकही जाऊ देते. वाटेला मालाची पारख नसते. ती फक्त पैसा ओळखते.

ह्याच जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदरात २०२० च्या ऑगस्टमध्ये १९१ किलो, आणि २०२१ च्या जुलैमध्ये सुमारे २९३ किलो हेरॉईन पकडले गेले. एकदा ते आयुर्वेदिक औषधाच्या नावाने आले होते, तर दुसऱ्यांदा शंखजिऱ्याच्या दगडांतून. ते पकडणाऱ्या महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ बंदुका सापडल्या, तेव्हा अवघा महाराष्ट्र हादरला. पुढे ती नौका ओमानच्या समुद्रात सोडून दिलेली, वाहत आलेली निघाली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु त्या दिवशी जिल्हाभर जी नाकेबंदी झाली, जी धावपळ उडाली, तिच्या शतांश दक्षता जरी खोपोलीच्या ओस शेडांविषयी वर्षभर दाखवली गेली असती, तर सव्वातीनशे कोटींचे विष तेथे शिजलेच नसते! बेवारस नौकेची आपल्याला भीती वाटते. बेवारस कारखान्याची वाटत नाही. हाच तो दृष्टिदोष आहे.

खालापूर तालुक्याच्या मातीला पहारा म्हणजे काय हे शिकवण्याची खरे तर गरज नाही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी ह्याच तालुक्यातील उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज कोंडली आणि तिला शरण यावयास भाग पाडले. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या त्या फौजेची चाल महाराजांना आधी कळली, कारण रानातला माणूस त्यांचा होता. त्याने आपले डोळे आणि कान स्वराज्याला दिले होते. आणि स्वराज्य आपले आहे, असे त्याला वाटत होते, म्हणून ते दिले होते. कर्जतचा वारसाही काही कमी नाही. माथेरानच्या भाई कोतवालांनी ह्या भागातील आदिवासी-शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या, शाळा काढल्या. आणि जेव्हा बेचाळीसचा लढा पेटला तेव्हा त्याच माणसांच्या बळावर त्यांनी ब्रिटिश सत्तेला हैराण केले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. आधी विश्वास, मग पहारा, असा हा क्रम आहे. आज सरकारला पहारा हवा आहे. पण विश्वास कमावण्याचे कष्ट नको आहेत!

ढेकू गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला, त्या शेडसमोरून रोज जाणाऱ्या एखाद्या मजुराला काहीच खटकले नसेल, असे आम्ही मानत नाही. परंतु खटकले तर त्याने सांगावयाचे कोणाला? आपले नाव त्याच संध्याकाळी कारखानदाराच्या कानावर जाणार नाही, ह्याची हमी त्याला कोणी दिली आहे? १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम लागू आहे. गावात घडणाऱ्या संशयास्पद गोष्टींची वर्दी देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य त्यात लिहून ठेवलेले आहे. पण पोलीस पाटील हा आज मिरवणुकीच्या परवानगीपुरता आणि दाखल्यांच्या सह्यांपुरता उरला आहे. आणि सरकारी खात्यांचे काय? विजेची जोडणी वीज कंपनी देते. घाण पाण्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. यंत्रांची आणि कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने करावयाची. घरपट्टी ग्रामपंचायत घेते. ही चार खाती एकदा एका टेबलाशी बसून ‘ह्या शेडमध्ये कोण आहे आणि तो काय करतो’ एवढे जरी एकमेकांना विचारतील, तरी अर्धा गुन्हा उजेडात येईल. पण प्रत्येक खाते आपापली फाईल बगलेत मारून स्वस्थ बसते, आणि कारखाना सापडला की सारी खाती एका सुरात म्हणतात, आम्हांला काहीच ठाऊक नव्हते!

सीमेचा विषय निघाला की घुसखोरीचा विषय निघतोच, आणि तो टाळण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. वैध कागदाशिवाय परदेशी नागरिकाने येथे येऊन राहणे हा गुन्हा आहे, आणि त्यावर कायद्याने कारवाई झालीच पाहिजे. बांगलादेशाची सरहद्द ४,०९६ किलोमीटर लांब असून ती येथून निम्म्या देशापलीकडे आहे. तेथून एखादा माणूस चोरवाटेने निघून कर्जतच्या एखाद्या बांधकामावर जर येऊन पोहोचत असेल, तर वाटेत त्याला आत घेणारा, खोटे कागद करून देणारा, ठेक्यावर ठेवणारा आणि खोली भाड्याने देणारा असे किती हात लागले असतील! त्या हातांपैकी शेवटचे दोन हात आपलेच असतात. स्वस्तात राबणारा मजूर ठेकेदाराला हवा असतो, आणि त्याचे नावगाव विचारण्याची गरज बंगला बांधणाऱ्या मालकाला वाटत नाही. मग पोलीस येतात तेव्हा पकडला जातो तो मजूर. त्याला आणणारे दलाल आणि ठेकेदार मात्र दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी आणतात.

तथापि ह्या बाबतीत एक धोक्याचा इशारा दिल्यावाचून आम्हांला राहवत नाही. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही माणसांना बांगलादेशी समजून सरहद्दीपलीकडे ढकलण्यात आले. ते भारताचे नागरिक आहेत हे मागाहून निष्पन्न झाले आणि त्यांना परत आणावे लागले. आपल्याच नागरिकाला आपल्याच देशातून हाकलणे ह्यासारखी नामुष्की दुसरी नाही. बोलीवरून आणि कपड्यांवरून परका ठरवण्याची सवय एकदा लागली, की ती कोठे थांबेल ह्याचा भरवसा देता येत नाही. खालापूर-कर्जतच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कातकऱ्यांकडे तरी जन्माचे दाखले कोठे आहेत? ह्या मातीचा सर्वांत जुना रहिवासी कागदाच्या परीक्षेत सर्वांत आधी नापास होईल! आणि एक गोष्ट विसरू नका. विषाचे हे कारखाने उभारण्यासाठी कोणी तारेचे कुंपण ओलांडून यावे लागत नाही. भाड्याचा करार, विजेची जोडणी, बँकेतले खाते, दारावरचा फलक ही सारी साधने ह्याच देशातल्या माणसाला ह्याच देशात मिळतात. सगळे पाप परक्याच्या माथी मारले की मन हलके होते; पण कारखाना चालूच राहतो.

तेव्हा करावयाचे काय? २०२५ च्या जुलैत राज्य विधिमंडळाने संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या ‘मोका’ कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्याच्या कक्षेत आणले. त्याचे स्वागत करू. पण कायदा कडक केला म्हणजे काम संपले असे नव्हे. कायद्याचा हात गुन्हेगारापर्यंत पोहोचावा लागतो. मेफेड्रोन तर २०१५ च्या फेब्रुवारीपासूनच कायद्याने निषिद्ध आहे; तरीही त्यानंतरच्या दहा वर्षांत ते पुडीतून कारखान्यापर्यंत वाढले! म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील प्रत्येक बंद व भाड्याने दिलेल्या औद्योगिक शेडची यादी करावी आणि वर सांगितलेल्या खात्यांच्या संयुक्त पथकाने दर तीन महिन्यांनी तिची पाहणी करावी. जेथे कारखाना सापडेल तेथे गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या अधिकाऱ्याने त्या जागेची तपासणी केली किंवा केली नाही, ह्याची चौकशी आरोपपत्राबरोबरच व्हावी. आपली जागा ह्या धंद्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २५ व्या कलमाखाली शिक्षा आहे. ते कलम पुस्तकातून बाहेर काढावे. वर्दी देणाऱ्या गावकऱ्याचे नाव गुप्त राहील अशी व्यवस्था पोलीस अधीक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावी. घुसखोरीच्या प्रकरणांत दलाल आणि ठेकेदार हे पहिले आरोपी असावेत, आणि कोणाही माणसाला त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय सरहद्दीपलीकडे धाडले जाऊ नये. आणि जी पोरे ह्या विषाला बळी पडली आहेत, त्यांना तुरुंगाआधी दवाखान्याची वाट दिसावी. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. किती आईबापांना ती ठाऊक आहे?

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांसाठी. खालापूर-कर्जत हे मुंबईकराचे परसदार आहे. शनिवारी तो तेथे जातो, धबधब्याखाली भिजतो, पिठलेभाकरी खातो आणि रविवारी रात्री परततो. तेथील कितीतरी जागांचा सातबारा ह्याच शहरात राहणाऱ्यांच्या नावावर आहे. आपली शेड, आपला बंगला, आपली चार गुंठे जमीन दलालाच्या हवाली करून दरमहा येणारे भाडे मोजताना त्याने एकदा तरी विचारावे की, बाजारभावाच्या दुप्पट भाडे हा माणूस मला कशासाठी देतो आहे? ते दुप्पट भाडे म्हणजे १९९३ सालच्या त्या चांदीच्या विटांचेच सभ्य रूप आहे. फरक इतकाच की, विटा घेणारा गणवेशात होता आणि भाडे घेणारा पांढरपेशा आहे. आणि त्या शेडमध्ये शिजलेले विष फार लांब जात नाही. ते परत फिरून ह्याच शहरात येते, आपल्याच मुलांच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन उभे राहते.

सीमेवरचा जवान आपले काम करतो आहे. त्याच्या पाठीमागची सीमा राखणे हे तलाठ्याचे, निरीक्षकाचे, पोलीस पाटलाचे आणि जागेच्या मालकाचे काम आहे. चावी हातात देण्यापूर्वी ‘तू कोण, आणि येथे काय करणार?’ एवढा एक प्रश्न ज्या दिवशी ह्या चौघांपैकी प्रत्येकजण विचारू लागेल, त्या दिवशी बोरघाटाच्या पायथ्याशी सीमेचा पहारा उभा राहील. तोपर्यंत समुद्रात कितीही गस्ती नौका सोडा. घराचे मागचे दार सताड उघडेच आहे!